फळीपलीकडचा ढेकर

कौसल्येने ताटात भात वाढला, वर कुळथाची पिठी ओतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. घास तेवढा उचलायचा होता. तोच उचलत नव्हता.

रामदास मोर्चावरच्या गोळीबारात गेला असता तर चाळीने दारात मांडव घातला असता, फोटोला हार चढले असते. पण तिचा नवरा गेला काविळीने, आणि तोही कर्फ्यूच्या आठवड्यात. चाळीचं रडणं तेव्हा गोळीबारात गेलेल्यांवर आधीच खर्ची पडलं होतं.

सकाळी तिचा भाऊ नाना येऊन गेला. बहिणीच्या पोलक्याच्या लोंबत्या बाह्यांकडे बघत म्हणाला, "रविवारी परत येतो. अशीच अन्नावाचून राहिलीस तर खोली सोडायची नि गावाक चलायचं." खोली दहा बाय दहाची, पण तिची. आणि गावी वहिनी होती.

चिंचपोकळीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं होतं. "बाई, पोटाला काही झालेलं नाही. भूक पोटात नसते, मेंदूत असते. तिथून हुकूम सुटला की पोट ओरडतं."

"मग सोडायला सांगा की त्याला," कौसल्या म्हणाली. डॉक्टर हसले आणि टॉनिक लिहून दिलं.

तिचा हुकूम कुठून सुटायचा ते तिला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या मागून जेवली. तो जेवायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, मग ढेकर द्यायचा. असा, की फळीवरचे डबे वाजावेत. तो ऐकला की हिच्या पोटात भुकेचा खड्डा पडायचा, त्याआधी कधी नाही. आता हे डॉक्टरला कुठल्या तोंडाने सांगायचं?

फळ्यांच्या भिंतीपलीकडे पाट सरकला. शेजारचे शामराव. एरवी या वेळी दुसऱ्या पाळीला असायचे, पण आज हरताळ, गिरणी बंद. मोर्चात ओरडून घसा बसवून घेऊन घरी आले होते. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून रामदासचं त्यांच्याशी वाजलं होतं, ते त्याच्या मरणापर्यंत अबोलाच.

पलीकडे भाकरी मोडली. वाटी खरवडली गेली. "आणखी वाढू?" कमलाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "पुरे." तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

आणि ढेकर आला. लांबलचक, भरदार, शेवटी जरा मुरका घेऊन.

कौसल्येच्या तोंडाला पाणी सुटलं.

तिने दचकून खोलीभर पाहिलं, जसं काही कुणी बघत होतं. सगळं जग सोडून ह्या माणसाच्या ढेकराला? कानाच्या पाळ्या तापल्या. पण हात ताटाकडे गेलेलाच होता. एक घास गेला. दुसरा गेला. पिठीत मीठ कमी पडलंय हेही कळलं.

"काय हो हे," पलीकडून कमलाबाईंचा दबका आवाज आला. "बाजूला दुखवट्याचं घर. ती बिचारी अन्नाला शिवत नाही, नि तुम्ही खुशाल ढेकर देताय? भिंत काय दगडाची आहे?"

"चुकलं बाई. आजपासून नाही देत."

कौसल्येचा तिसरा घास ताटातच राहिला. पोटातला खड्डा हळूहळू बुजायला लागला, ते तिला कळत होतं.

ती उठली. हात धुतला, पिठीत चिमूटभर मीठ घातलं, वाटी भरली आणि गॅलरीतून शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. शामराव अजून पाटावरच होते. तिला बघून त्यांनी मान खाली घातली.

"कमलावहिनी, पिठी उरलीय जरा. भावजींना वाढा."

"अगो, तू जेवलीस?"

"जेवत्येय." ती वळली, मग उंबऱ्यावरच थांबली. "आणि भावजी, ढेकर दाबू नये माणसाने. वाईट असतं पोटाला."

कुणाच्या, ते ती बोलली नाही.

घरी येऊन तिने ताट फळ्यांच्या भिंतीजवळ ओढलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली. भात गार झाला होता. पलीकडे भुरके ऐकू आले, मग वाटी खरवडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

कौसल्येने घास उचलून तोंडापाशी धरला आणि पलीकडे कान देऊन थांबली.