राउटर बंद करून पाहा

तिसऱ्यांदा बस दरीत कोसळली आणि घाटसम्राट पिसाळला.

"तुमच्या गेमला धाड भरली का?" सुनेच्या स्क्रीनवर अक्षरं आदळली. "वळण आलं, मी स्टेअरिंग फिरवलं, बस ढिम्म! चित्र जागचं हललं तोवर मी खाली. आणि पडता पडता तुमची जाहिरात मात्र लोण्यासारखी चालते. 'नवा म्युझिकल भोंगा घ्या!' दरीत कोणाला वाजवून दाखवू? गिधाडांना? आणि वर माझाच परवाना रद्द!"

सून हसू दाबत वाचत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, साहेबांचे हुकूम ऐकायला कानात हेडफोन आणि दिवसभर हेच काम: मोबाइलवर बस हाकणाऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि गोड उत्तरं टाइप करायची. घरात तिच्या नोकरीला 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणत. तिनेही कधी फोड करून सांगितलं नव्हतं. शिव्या खायचा पगार मिळतो, हे सासरी कोणत्या तोंडाने सांगायचं?

गेम का अडखळतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. भोंग्यांचा सेल लागला तसे गेममधला घाट चालवणारे निम्मे सर्व्हर कंपनीने भोंगे विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाकडे वळवले होते. सकाळीच साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते, "घाट अडकला तर लोक ओरडतील. दुकान अडकलं तर मी ओरडेन." सगळे हसले. तीही हसली. न हसणाऱ्यांची नावं साहेबांच्या बरोब्बर लक्षात राहत.

तक्रार मिटवायला तिच्यापुढे दोन बटणं होती. 'चूक ग्राहकाची' आणि 'चूक आमची'. दुसरं दाबलं की गेलेला परवाना परत मिळे. पण ते दाबायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता. ते नुसतं शोभेला.

तिने ठरलेलं वाक्य टाकलं. "आपल्या इंटरनेटमध्ये अडचण दिसते. कृपया राउटर बंद करून पुन्हा चालू करावा."

"नाचता तुम्हाला येईना आणि अंगण माझं वाकडं?" घाटसम्राटाचं उत्तर आलं. "बरं, करतो बंद. पण नंतर पुन्हा गाडी अडकली तर गाठ माझ्याशी आहे!"

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. सासरे मोबाइल हातात धरून तरातरा बाहेर आले. "गाढवं लेकाची," असं पुटपुटत त्यांनी टीव्हीमागे हात घातला आणि राउटरची वायर खस्सकन उपटली.

सुनेची स्क्रीन गोठली.

ती ताडकन उठली. हेडफोनची पिन निघून लोंबायला लागली. "बाबा! काय केलंत हे?"

"मी कुठे काय केलं? तो कंपनीचा दीडशहाणा म्हणाला, बंद करून पाहा."

"कुठल्या कंपनीचा?"

सासरे ओशाळले. ते दुपारभर आत पेपर वाचतात, असा घरात समज होता. "अगं, ते आपलं... बसचा एक खेळ आहे."

सुनेने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हस, हस तू!" ती हसत नव्हती, तरी सासऱ्यांचा आवाज चढला. "उभी हयात स्टेअरिंगवर गेली माझी. गाडीला ओरखडा नाही. आणि आता हा कोण कुठला टिकोजीराव माझा परवाना काढून घेतो? वर म्हणतो, बिघाड तुमच्याच घरात आहे!"

"बाबा, त्याला तेच लिहायला सांगितलेलं असेल हो."

"असेल ना! पण बोटं तर त्याचीच?"

सून आपल्या बोटांकडे बघत राहिली.

सासऱ्यांनी वायर परत खुपसली. दिवे लुकलुकले, नेट आलं आणि लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज खोलीभर घुमला. "कुठे उलथली होतीस? त्या घाटसम्राटाचं उरक आधी. परवाना रद्द म्हणजे रद्द. भोंग्यावर सूट दे आणि कटव. बोलण्यावरून म्हातारा वाटतोय. भोंगा मिळाला की बसेल गप्प."

सासरे लॅपटॉपकडे वळले. मग सुनेकडे. तोंड उघडलं, पण शिवी बाहेर पडेना. अनोळखी माणसासाठी त्यांच्याकडे पोतंभर शिव्या होत्या, घरच्या माणसासाठी एकही नव्हती.

सून खाली बसली. 'चूक आमची'. बटण तिने असं हाणलं की टेबलावरचा कप उडाला. सासऱ्यांच्या हातातला मोबाइल टिंगकन वाजला. त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही.

"ए बाई! काय दाबलंस?" साहेब किंचाळले. "नोकरी नकोय का? आत्ताच्या आत्ता मागे घे आणि त्या म्हाताऱ्याला सांग, चूक त्याचीच आहे!"

"मी सांगितलं एकदा, साहेब. आता पुन्हा नाही जमायचं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

तिने लॅपटॉप गर्रकन फिरवला.

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन्ही पंजे टेबलावर रोवले आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"बोला."