तो डबा

कोबोल या जुनाट संगणकभाषेतला प्रोग्रॅम मोबाइलच्या नव्या अ‍ॅपला जोडायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. ते अर्धवट असतानाच साहेबांनी, तिला न विचारता, तो प्रोग्रॅम ज्यावर चालायचा ते जुनं मशीन भंगारात काढलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अ‍ॅप चालतंय ना? मग तो डबा कशाला?" साहेब म्हणाले.

तिने त्यांना तडक मशीनच्या रिकाम्या खोलीत नेलं. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग होते. भिंतीतून एक केबल लोंबत होती.

"मग अ‍ॅपला उत्तरं देतंय कोण?" असं ओरडून तिने ती केबल हिसकून काढली.

तिच्या मोबाइलवर जुन्या प्रोग्रॅमची हिरवी अक्षरं उमटली: 'केबल परत लावा.'

साहेब दाराकडे सरकले.

'साहेबांना जाऊ देऊ नका.'

तिचा राग अजून उतरला नव्हता. तिने आतून कडी लावली.