दोन व्हर्जन

"झालं. जुनं पायथन काढून टाकलं," सुधन्वा म्हणाला आणि त्याने लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला.

काकासाहेबांनी घाईघाईने टाइप केलं. लॅपटॉप गप्प.

घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता. पण त्याआधी सुधन्वानेच तो रेकॉर्ड करून पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम बनवला होता. ते टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोलायचा. कौशल्याबाईंचे डोळे गेलेले. नवऱ्याचं बोलणं त्यांना कळायचं ते एवढ्यावरच.

"अरे, यांचा आवाज का नाही येत?"

"अगं आई, नवीन पॅकेज टाकतोय. बाबांचा आवाज अजून छान येईल. त्याला पायथन नवीन लागतं. जुनं नि नवीन एका मशिनवर राहत नाहीत, भांडतात. तू येशील तोवर बिल्कुल ओके होईल."

धडधडीत खोटं! गुडगावच्या ऑफिसात हा पठ्ठ्या एकाच मशिनवर चार-चार व्हर्जन गुण्यागोविंदाने नांदवतो, त्याचाच पगार खातो.

खरी गोष्ट वेगळीच होती. कौशल्याबाईंना सांगितलं होतं, डोळ्यांच्या इलाजासाठी आठ दिवस पानिपतला जायचंय. तिथल्या आश्रमात त्यांना कायमचं सोडायचं ठरलं होतं. सकाळी काकासाहेबांनी ते ऐकलं आणि त्यांनी ऐकलं हे सुनेने, रसिकाने पाहिलं. म्हणून ही साफसफाई.

काकासाहेबांची बोटं पुन्हा धावली.

"काय म्हणताहेत गं?"

रसिका वाकली. स्क्रीनवर होतं, 'कौशल्या, जाऊ नकोस. हे तुला परत आणणार नाहीत.'

"निश्चिंत जा, म्हणताहेत."

"एवढंच? केवढा वेळ टकटक चालली होती!"

"चुका होतात ना त्यांच्या, आई. खोडून परत लिहितात."

"हो बाई, शुद्धलेखनाच्या नावाने पहिल्यापासून बोंबच," कौशल्याबाई हसल्या.

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. सुधन्वाने बॅग उचलली.

काकासाहेब धडपडत उठले आणि त्यांनी बायकोचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. सोडेचनात.

कौशल्याबाई चक्क लाजल्या. "अहो, काय हे! सून बघतेय," त्या हळूच म्हणाल्या. "आठ दिवसांत येतेच आहे ना?"

आणि चाचपडत त्यांनी नवऱ्याचं एकेक बोट सोडवलं.