वेळेआधीचा दिवा

एका डब्याला मापयंत्राची सुई लावलेली होती, दुसऱ्याला नव्हती. ईद झाल्यापासून आठवडाभर दोन्ही डबे फाकीच्या टेबलावर शेजारी शेजारी चालू होते. सुईवाला डबा वेळेला चिकटून होता. बिनसुईचा अर्धं मिनिट पुढे पळाला होता.

फाकी खुर्चीत मागे टेकला.

डब्यातल्या घड्याळाच्या स्फटिकाच्या दोन पायांना दोन कपॅसिटर लागतात, वीज साठवणारे, तांदळाच्या कणीएवढे. कमी क्षमतेचे लावले तर घड्याळ पळतं, जास्तीचे लावले तर रेंगाळतं. फाकीने ते निवडले होते मापयंत्राची सुई टेकवून, आणि सुई स्वतःच थोडं कपॅसिटरचं काम करत होती. तराजूत बोट ठेवून वजन केल्यासारखं. वजन बरोबर भरलं. बोट मात्र डब्यांबरोबर मशिदींत गेलं नाही.

डबे फाकीनेच बनवलेले, त्यांचं काम एकच. नमाजाची वेळ झाली की मशिदीच्या दारावरचा दिवा लावायचा. वेटे गावात वीज कधी जाईल ते वीजवालेही सांगत नाहीत, म्हणून आत बॅटरी. रमजानच्या महिनाभर आधी पेंबा बेटावरच्या मशिदी-मशिदींत हे डबे बसले. दिवा लागला की अजान, अजान झाली की तोंडात खजूर. पावसाच्या ढगांत सूर्य दिसत नव्हता, आणि दिवा असताना तो शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

म्हणजे आठवड्यागणिक अर्धं मिनिट साठत जाऊन अख्ख्या महिन्यात लोकांनी सूर्य बुडायच्या आधीच रोजा सोडला होता. पहाटेचा घासही लवकर थांबवला होता म्हणा, ती जमेची बाजू. पण पहाटेची जमा संध्याकाळच्या खात्यात वळती होत नाही.

म्बारूककाका चहा घेऊन आले. वडिलांचे धाकटे भाऊ, हे दुरुस्तीचं दुकान त्यांचं. फाकीने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, उपाय काय. जरा मोठे कपॅसिटर, फाकी म्हणाला.

"मग घाल की. एकेक डबा साफसफाईच्या नावाने आणू, बदलू, परत लावू. तू तोंड उघडू नकोस."

"लोकांचे रोजे गेले, काका."

"न कळत गेले. न कळत झालेलं अल्ला धरत नाही."

"आता कळलंय."

"तुला कळलंय. त्यांना कशाला कळवतोस?" काकांनी चहात मंदाझीचा तळलेला गोड पाव बुडवला. "सांगितलंस तर सगळे पुन्हा महिनाभर रोजे धरतील. रोज संध्याकाळी तुझं नाव निघेल, आणि दुव्यात नाही निघणार."

"ते धरतील. बाबा कसे धरणार?"

मंदाझीचा तुकडा चहात तुटून पडला.

बाबा सत्ताविसाव्या रोज्याला गेले. त्याच्या दोन दिवस आधी मनगट पुढे करून ते म्हणाले होते, "तुझ्या दिव्याला भूक फार लागते रे." फाकीने हसत त्यांच्या घड्याळाचे काटे दिव्याशी जुळवून दिले होते.

ते घड्याळ आता काकांच्या हातात होतं. त्यांनी पट्टा सोडून ते टेबलावर ठेवलं. "घे. कर मागे."

फाकीने काटे मागे घेतले, टेबलावरच्या फोनची वेळ बघून. फोन समोरच्या सुक्या मासळीवाल्या कोंबोचा. रमजानात एका संध्याकाळी दिवा लागला तेव्हा हा एकटाच म्हणाला होता, माझ्या फोनात अजून वेळ झालेली नाही. पंगतीत हशा पिकला. मशिदीपेक्षा तुझा फोन मोठा का, असं इमामांनीही विचारलं. शेवटी बिचारा स्वतःच फोन घेऊन आला होता: मागे चालतो, बघ जरा.

गल्लीच्या टोकाला मशिदीचा दिवा लागला. दुपारची अजान झाली. दुकानांची दारं ओढली गेली, चपला वाजल्या. सवयीने काकाही उठले.

"अजून वेळ झालेली नाही," फाकी म्हणाला.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग गल्लीकडे. "नाही गेलो तर विचारतील." आणि ते गेले.

फाकीने चिमट्याने जुने कपॅसिटर काढले, मोठे बसवले. एका डब्याचं काम झालं. काटे खऱ्या दुपारवर आले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्याने चटई पसरली आणि एकट्याने नमाज पढला. चटई गुंडाळतोय तोवर लोक परतू लागले.

कोंबो दारात थांबला. "काय रे फाकी, आज उशीर झाला तुला?" मग आत वाकून, जरा ओशाळून, "माझा फोन झाला का? का अजून मागेच चालतोय?"

फाकीने तोंड उघडलं. कोंबोच्या मागे काका येऊन उभे होते, टोपीची घडी घालत.

फाकीने फोन उचलला. वेळ पाच मिनिटं पुढे सारली आणि फोन कोंबोच्या हातात दिला.

कोंबोने फोनकडे पाहिलं, गल्लीच्या टोकाला मशिदीकडे पाहिलं.

"आता कसं," तो म्हणाला.