सव्वाआठ ते पाच

"घर गरम ठेवायचं एवढं एकच काम याला, आणि तेही धड जमत नाही," मनोहरराव म्हणाले आणि भिंतीवरून उतरवून आणलेला थर्मोस्टॅट त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातल्या काउंटरवर आदळला. "याच्या जागी नवा द्या."

काउंटरमागे देवांगभाई होते. मूळचे मुलुंडचे गुजराती. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत मराठी बोलायला गिऱ्हाईक मिळालं की त्यांची कळी खुलायची. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "काय त्रास देतो?"

"सकाळी उठावं तर मस्त ऊब. चहा-नाश्ता होतो आणि नऊच्या सुमाराला घराचा पार फ्रीज होतो. संध्याकाळी पुन्हा ठीक. चार दिवस बघतोय. इंजिनिअर माणूस मी, पण याने माझं डोकं खाल्लं."

"चारच दिवस? त्याच्या आधी?"

"आधी कुठला त्रास! मी गेल्या शुक्रवारी रिटायर झालो आणि सोमवारपासून हा रुसला."

शेजारी उभ्या असलेल्या शुभाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फळीवरचे नवे खोके बघायला लागल्या.

देवांगभाईंनी थर्मोस्टॅट उलटापालटा केला. आत बॅटरी होतीच. दोन बटणं दाबल्यावर पडद्यावर आकडे उमटले.

"साहेब, हा तर ठणठणीत आहे. प्रोग्राम बघा ना. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वाआठ, 'लीव्ह'. म्हणजे घरातले बाहेर पडले. टेम्परेचर बासष्ट फॅरनहाइट, म्हणजे थंडच. संध्याकाळी पाच, 'रिटर्न'. सत्तर. कोणी टाकला हा?"

"मीच! एकोणीस वर्षांपूर्वी." मनोहररावांना हसूच फुटलं. "घ्या! सव्वाआठला निघायचो ना मी. औषधांचा प्लँट, कोविडातसुद्धा एक दिवस घरी बसलो नाही. बिचारा अजून मला रोज कामावर पाठवतोय. रिकामं घर कशाला तापवायचं, म्हणून मी..."

"रिकामं नव्हतं," शुभाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वाण्याची बेरीज चुकली तर सांगावं, तसं सांगितलं.

"अगं, मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, याला कोणी हात लावायचा नाही, प्रोग्राम बिघडतो. मला वाटलं, बिल कमी यावं म्हणून मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम? छे गं! मुद्दाम कशाला ठेवीन? माझ्या लक्षातच आलं नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्यांना कळलं, की मुद्दाम ठेवलं असतं तर ते एक वेळ बरं होतं. मनोहररावांना भयंकर लाज वाटली. देवांगभाई भला माणूस, ते खाली वाकून उगाचच बॅटरीचं पाकीट शोधायला लागले.

मनोहररावांना दह्याचं भांडं आठवलं. दिवसा दही लागत नाही म्हणून शुभाताई ते जुन्या रजईत गुंडाळून ठेवायच्या, आणि आल्यागेल्याला ते मोठ्या कौतुकाने सांगायचे, की आमच्याकडे दह्यालासुद्धा रजई लागते! सगळे खो खो हसायचे.

"आणि तू गं? तू कुठे बसायचीस?"

"तिथेच. उरलेल्या रजईत." शुभाताईंना आता हसू आवरेना. "अहो, तोंड काय पाडताय! मेले का मी? चला, नवा बघू."

देवांगभाई लगबगीने वर आले आणि त्यांनी काळ्या काचेचा एक गुळगुळीत थर्मोस्टॅट पुढे केला. "हा घ्या. फोनवर चालतो. घरात कोण कधी असतं, ते आपलं आपण शिकतो."

मनोहररावांचा हात खोक्याकडे गेलाच होता.

"नको," शुभाताई म्हणाल्या. "शिकायचं ते माणसांनी शिकावं." त्यांनी फळीवरून एक साधा, पांढरा थर्मोस्टॅट उचलला. त्याची बटणं चांगली ठसठशीत होती आणि प्रत्येक वाराचा प्रोग्राम वेगळा टाकता येत होता. त्यांनी एक बटण दाबून पाहिलं, मग दुसरं. "हा. याला मी हात लावणार."

"लाव की! रोज लाव!" मनोहरराव घाईघाईने म्हणाले.

देवांगभाईंनी त्यात बॅटऱ्या घातल्या. "इथेच सेट करून देतो, घरी कटकट नको. बोला, लीव्ह किती वाजता?"

मनोहरराव सवयीने सांगायला गेले, थांबले आणि बायकोकडे वळले. "तू बाहेर कधी जातेस?"

"मंगळवारी अकराला. लायब्ररीत विणकामाचा ग्रुप असतो. एकला परत येते."

"दर मंगळवारी?"

"सहा वर्षं झाली."

शुभाताई देवांगभाईंना म्हणाल्या, "मग मंगळवारी अकरा ते एक बासष्ट टाका. बाकी सगळा वेळ सत्तर."

"अगं, पण तेव्हा मी घरात असेन ना!"

शुभाताई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, छान मजेत.

मनोहररावांनी देवांगभाईंच्या हातातून थर्मोस्टॅट काढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि आपल्या बोटाने एकेक बटण दाबत टाकलं: मंगळवार, अकरा वाजता, बासष्ट.