हात पसरायची पोज

ऋषिराजचं प्री-वेडिंग शूट पाटणजवळ शेताच्या बांधावर होतं. बांधाच्या एका अंगाला त्याचा ऊस, दुसऱ्या अंगाला चुलते नानासोंचा. याच बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे नानासो लग्नाला यायला कालच कबूल झाले होते.

"दोन्ही हात पसरा, मान तिरकी!" फोटोग्राफर ओरडला. "पिक्चरमधल्या हिरोगत! दिसंल तेवढं सगळं आपलंच हाय, असं वाटू द्या."

ऋषिराजनं डोळे मिटून हात पसरले. समोरून होणारी बायको अपेक्षा धावत निघाली.

तिच्या आधी नानासो पोचले. "व्हय रं, डाव्या हाताखालचं रान कुणाचं हाय?"

***

लग्नाला नानासो पहिल्या रांगेत होते. दारातल्या फ्लेक्सवर नवरदेवाचा उजवा हात पसरलेला होता, डावा खिशात.