लाकडाचा गुण

सकाळी लेकीने मोबाइल बादलीत बुडवला, आणि त्यातली गिटारची धून लागल्याशिवाय ती झोपत नसे. दुपारी तिने घर डोक्यावर घेतलं. निनाद आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. शेवटी मृण्मयीने भीतभीत नवऱ्याची गिटार मांडीवर घेतली.

"तो सूर आपल्या गिटारीतून निघायचा नाही, त्या वादकाच्या गिटारीचं लाकूडच वेगळं," असं मोबाइलमधली ती धून ऐकताना निनाद कायम सांगायचा. तिने पिकने, त्या प्लास्टिकच्या छोट्या चकतीने, तार छेडली तर सूर करकरीत निघाला, लेक आणखीच किंचाळली. पण रोज ऐकून मृण्मयीचा कान तयार झाला होता. तो वादक तारेला नखसुद्धा लावत नसणार. तिने पिक बाजूला ठेवलं, हात गिटारीच्या मानेकडे सरकवला आणि अंगठ्याच्या मऊ मांसाने तार हलकेच दाबून सोडली. अगदी तोच गोल, उबदार सूर. ती वाजवत राहिली, लेकीचे डोळे मिटत गेले.

"झाला वाटतं मोबाइल सुरू," दाराआडून निनाद कुजबुजला. "बघ, ह्याला म्हणतात लाकूड. जरा आवाज वाढव ना."

"नाही वाढवत," मृण्मयी वाजवता वाजवता म्हणाली. "अंगठा दुखतोय."